रात्री अकराचं रक्त

१

दुपारी तीन वाजता थोरला कैद्यांच्या बोटाला सुई टोचायचा आणि काचपट्टीच्या कडेला लिहायचा, 'रात्री ११.००'. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. तुरुंगात याला कुणी खोटं म्हणत नव्हतं, पद्धत म्हणत होते.

हत्तीरोगाचे सूक्ष्म जंत मोठे लबाड. दिवसा ते फुप्फुसाकडे खोल दडून बसतात आणि रात्री दहानंतर, डास चावायच्या वेळेला, कातडीखालच्या रक्तात येतात. म्हणून रक्त घ्यायचं ते रात्री दहा ते दोनच्या दरम्यान, हा आरोग्य खात्याचा नियम. संध्याकाळी सहाला बराक बंद झाली की सकाळी सहापर्यंत अधीक्षकांच्या लेखी हुकमाशिवाय तिचं कुलूप उघडायचं नाही, हा तुरुंगाचा नियम. दोन्ही छापील, दोन्हींवर शिक्के. या दोन कागदांच्या भांडणातून थोरल्यानं पहिल्याच वर्षी वाट काढली होती: रक्त दिवसाचं, वेळ रात्रीची. दिवसाच्या रक्तात काही सापडणार नाही हे त्याला ठाऊक होतं. तुरुंगाच्या डॉक्टरांना ठाऊक होतं. अधीक्षकांना कुणी विचारलं नव्हतं, पण 'निरंक' लिहिलेल्या अहवालावर सही करताना ते चष्मासुद्धा लावत नसत, तेव्हा त्यांनाही ठाऊक असावं.

रुग्ण शून्य म्हटल्यावर औषध कुणाला द्यायचं? वर्षाकाठी फुकट येणारे गोळ्यांचे डबे तसेच सीलबंद परत जात. मागच्या भिंतीला लागून शहराचा उघडा नाला होता. कैद्यांचे पाय सुजायचे, ताप यायचा, जांघेत गाठी यायच्या, आणि डॉक्टर ठरलेलं वाक्य बोलायचे, "फार उभा राहू नकोस." अधीक्षकांच्या कुत्र्याच्या कानाला खाज सुटली तेव्हा मात्र जनावरांचा डॉक्टर अर्ध्या तासात दारात उभा होता.

थोरला हे काही त्याचं नाव नव्हे. तो तुरुंगाच्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासणारा तंत्रज्ञ. त्याचा सख्खा धाकटा भाऊ इथेच शिपाई होता, थोरल्यानंच हातापाया पडून चिकटवलेला. म्हणून अख्खा तुरुंग एकाला थोरले म्हणायचा, दुसऱ्याला धाकटे.

२

"दादा, बुटानं दगा दिला," धाकटा प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसत म्हणाला. "डावा लहान झालाय. उजवा आहे तेवढाच आहे."

"बूट लहान होत नसतात, गाढवा."

"तेच म्हणतो मी. मग काय झालंय ते तू सांग. पांढरा कोट कुणी घातलाय?"

थोरल्यानं त्याची पँट वर सरकवली आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. पिठात बोट रुतवावं तसा. तो भरून येईपर्यंत दोघेही त्याच्याकडे बघत बसले.

"आता खरं सांग," धाकटा म्हणाला. आवाजातली चेष्टा गेली होती. "माझं रक्त कधी रात्री घेतलंयस?"

शिपायांचीही तपासणी दरवर्षी होई. धाकट्याची तर चहा पितापिता व्हायची. याच स्टुलावर, दुपारी, एका हातात कप आणि दुसरा हात थोरल्यापुढे. नऊ वर्षं. नऊ काचपट्ट्या. सगळ्यांवर रात्रीचे अकरा.

"तू दिवसपाळीला असायचास," थोरला पुटपुटला.

"सहा वर्षं मी रात्रपाळीलाच आहे, दादा. पाळीबदलाच्या चार दिवसांतच काय तो तुझ्याकडे चहाला येतो."

थोरल्यानं त्याची पँट खाली सरकवली.

"ओरडत नाहीये मी," धाकटा म्हणाला. "फक्त एकदा रात्री ये. माझं घे, आणि तीन नंबर बराकीचंही घे. तिथे काहीतरी बिघडलंय. अडतीस माणसं झोपतात आणि एकही घोरत नाही. खोकत नाही. कूस बदलत नाही. मी जाळीला कान लावून ऐकलंय. अडतीस माणसं, दादा, आणि श्वास एकाच वेळी आत, एकाच वेळी बाहेर."

"रात्रपाळीत कान वाजतात."

"वाजू देत. तू ये."

३

हुकूम मिळाला. अधीक्षकांनी मान वर न करता सही केली. "एक बराक, दीड तास. आणि निकाल आधी माझ्याकडे."

अकराला पाच मिनिटं असताना धाकट्यानं कुलूप काढलं. थोरल्यानं मनात वेळेचा हिशेब मांडला होता: झोपलेल्यांना हलवून उठवायचं, शिव्या ऐकायच्या, एकेकाला दिव्याखाली आणायचं. दीड तास पुरणार नव्हता.

आत सगळे जागे होते. नुसते जागे नव्हते, तर मोजणीला बसतात तसे जोडीजोडीनं उकिडवे बसले होते. एकोणीस जोड्या, एकामागे एक, पार मागच्या भिंतीपर्यंत. प्रत्येकाच्या मांडीवर टोपी. प्रत्येकाचा डावा हात पुढे, आणि चौथं बोट बाकीच्यांपासून जरा वेगळं काढलेलं.

"तू सांगितलंस यांना?" थोरल्यानं हळूच विचारलं.

"मला तरी कुठे ठाऊक होतं तू नेमका आजच येणार ते?"

थोरल्यानं स्वतःला समजावलं की तुरुंगात बातमीला पाय असतात. हुकूम कुणीतरी पाहिला असेल, आणि बोटाचं म्हणाल तर अकरा वर्षं तो त्याच बोटाला टोचत आला होता. तो कामाला लागला. कापूस, सुई, थेंब, काच. कुणी 'स्स' केलं नाही. ओळीच्या टोकाला, दवाखान्यात काचा धुणाऱ्या मास्तरशेजारी, गवंडी बसला होता. त्याला सगळे गवंडीच म्हणायचे. बाहेर भिंती बांधायचा, आत भिंतीच दुरुस्त करायचा. त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून खाली खांबासारखा झाला होता, आणि तो पाय दुमडता येत नसल्यामुळे त्यानं तो पुढे लांब टाकला होता. एवढ्या ओळीत तेवढाच एक वाकडेपणा.

"साहेब, तीन वर्षांपूर्वी मी दाखवला होता हा," गवंडी म्हणाला. "तुम्ही काच बघून म्हणालात, काही नाही. तेव्हा चपलेत मावत होता."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. भिंत कुठे ओलावते ते सांगावं तसं तो सांगत होता, आणि थोरल्याला तेच सहन होईना. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटी दाराशी धाकट्यानं आपला हात पुढे केला. "आता माझं. आणि वेळ खरी लिही, हां."

सगळं चाळीस मिनिटांत आटोपलं होतं. निघताना थोरल्यानं जाळीतून मागे पाहिलं. दिवा मालवलेला नव्हता तरी सगळे आडवे झालेले होते. त्यानं कान दिला. मग वाटलं, ऐकू येऊ नये, आणि तो झपाझप चालू लागला.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर काचपट्ट्या धुऊन, जांभळ्या रंगात बुडवून, वाळवून रांगेत मांडून बसला होता. मास्तर जन्मठेपेचा कैदी. पूर्वी शाळेत गणित शिकवायचा. दवाखान्यात काचा धुवायचं काम त्याला सहा वर्षांपूर्वी मिळालं होतं आणि तो ते परीक्षेचे पेपर तपासावेत इतक्या निगुतीनं करायचा.

थोरल्यानं पहिली काचपट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि डोळा लावला. जांभळ्या पार्श्वभूमीवर वळवळत असताना गोठलेल्या दोऱ्यांसारखे जंत. इतक्या वर्षांत त्यानं ते पुस्तकातल्या चित्रांतच पाहिले होते. तो अंगठ्यानं मोजणीचं यंत्र दाबत गेला. अडतीस.

दुसरी काच. अडतीस.

तिसरी. अडतीस.

त्यानं भिंग पुसलं. यंत्र शून्यावर आणून रिकामं दाबून पाहिलं; बरोबर चालत होतं. चौथी काच त्यानं उलट्या टोकाकडून मोजली. बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि पाचवी मोजली. एखाद्याच्या रक्तात एकही नाही, एखाद्याच्या पाच, एखाद्याच्या दोनशे, असं असतं. पाय सुजलेल्या जुन्या रोग्याच्या रक्तात तर बहुधा काहीच सापडत नाही. गवंड्याची काच त्यानं मुद्दाम मध्येच उचलली. तिच्यातही अडतीस.

"मास्तर, जरा इकडे या. मी काही सांगत नाही. फक्त मोजा."

मास्तरनं डोळा लावला. ओठ हलत राहिले. "अडतीस."

"ही?"

"अडतीस. साहेब, चेष्टा करताय का? तीच काच पुन्हा दिलीत."

"तीच नाहीये. डोळ्यांचा भास असेल माझ्या. तुमच्याही."

"दिवसातून चार वेळा मला मोजतात, साहेब. मोजणीबद्दल मला विचारा." मास्तर सरळ होऊन बसला. "आमच्या बराकीत अडतीस जण आहोत."

थोरल्यालाही ते ठाऊक होतं. कुणी मोठ्यानं बोलू नये एवढंच त्याला वाटत होतं.

धाकट्याची काच त्यानं बाजूला ठेवली होती. मास्तर गेल्यावर, दार लावून, त्यानं ती भिंगाखाली घातली. आडवी बघितली, उभी बघितली. तीनदा. स्वच्छ होती. एकसुद्धा नाही. तो एकटाच मोठ्यानं हसला, आणि मग धावतच शिपायांच्या खोलीत गेला.

"निरंक!" तो म्हणाला. "रात्रीचं रक्त, खरी वेळ, आणि निरंक. पायाला दुसरं काहीतरी असेल. मीठ कमी खा."

"नक्की?"

"तुझ्या वहिनीची शपथ."

"वहिनीच्या जिवावर नको उठूस," धाकटा हसला. त्याचा चेहरा एकदम सैल पडला. बिचाऱ्यानं विश्वास ठेवला. दहाव्यांदा.

५

अहवाल बघायला अधीक्षकांनी प्रथमच चष्मा लावला.

"अकरा वर्षं निरंक आणि एका रात्रीत अडतीसपैकी अडतीस?"

"रात्री रक्त घेतलं म्हणून सापडले, साहेब. गोळ्या मागवायला हव्यात. सगळ्या तुरुंगाचं रात्री रक्त घ्यायला हवं, शिपायांचंसुद्धा."

"जरूर घेऊ. आधी एक करा. मागची अकरा वर्षं कुणी, कुठल्या वेळेला, काय लिहिलं, ते लिहून द्या. सही कुणाची आहे त्या काचांच्या नोंदींवर?"

"माझी."

"मग द्या लिहून. तो कागद आला की गोळ्यांची मागणी त्याच दिवशी पाठवतो. नाहीतर मी वर काय सांगू? जंत अचानक तुरुंगात चालत आले?"

थोरला परत आला आणि कागद पुढे ओढला. 'मी खाली सही करणार' इथपर्यंत मजकूर झाला. पुढे नोकरी दिसायला लागली, मग धाकट्याची नोकरी, मग दोघांची घरं. कागद खणात गेला. त्यानं ठरवलं, उद्या. उद्याचे आठ दिवस झाले. गोळ्या पलीकडच्या गोदामात पडून होत्या आणि त्या आणायला चार ओळी पुरल्या असत्या.

तिसऱ्या दिवशी गवंड्याला ताप चढला. पायाला चीर पडून ती सडली होती. गावातल्या मोठ्या रुग्णालयात नेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथेच वारला. तुरुंगात ही बातमी फोनवरून आली. फोनवर मेलेला माणूस तुरुंगाच्या हिशेबी मेलेला नसतो; त्याला मृत्यूचा कागद लागतो. रुग्णालयानं गवंड्याचं नाव आपल्या यादीतून काढलं आणि तुरुंगानं ते काढलं नाही. फळ्यावर तीन नंबरपुढे अडतीस तसेच राहिले. बसायला सदतीस. मोजणी जुळल्याशिवाय कुलूप लागत नाही आणि कुलूप लागल्याशिवाय शिपाई घरी जात नाही, तेव्हा शिपाई सदतीस मोजून अडतीस ओरडू लागले. कागद येईपर्यंतच तर.

त्या दुपारी थोरल्यानं गवंड्याची काच काढली. का, ते त्याला सांगता आलं नसतं. माफी मागायला दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणूनही असेल.

काच स्वच्छ होती.

त्यानं कडेचं लिखाण वाचलं. गवंड्याचीच होती. वाळलेलं, रंगवलेलं, मेलेलं रक्त; त्यातलं काही कुठे जाऊ शकत नाही. त्यानं दुसऱ्याची काच घेतली. सदतीस. तिसऱ्याची घेतली. सदतीस. धुताना निघून गेला असेल एखादा, असं मनाशी म्हणत म्हणत त्यानं सगळ्या सदतीस काचा मोजल्या. प्रत्येकीतून एकच निघून गेला होता.

त्यानं काचांची पेटी कपाटात ठेवली, किल्ली फिरवली, आणि हात धुतले. पुन्हा धुतले.

६

भावजय दवाखान्यात कधी येत नसे. त्या दिवशी आली ती दारातूनच बोलायला लागली.

"भाऊजी, तुमच्या तुरुंगानं माझ्या नवऱ्याला पगाराशिवाय आणखी काय दिलंय ते जरा बघा."

"काय झालं?"

"काल सुट्टी होती. संध्याकाळी भाजी चिरत होते माझ्यासोबत, काहीतरी गोष्ट सांगत होते. घड्याळात सहा वाजले तशी सुरी खाली ठेवली आणि भिंतीपाशी जाऊन उकिडवे बसले. टोपी मांडीवर. मान खाली. मला वाटलं गंमत करतायत. मी म्हटलं, घरात कोण मोजणार तुम्हाला? थांबा, मीच मोजते. एक! झालं, उठा आता." ती हसायला गेली आणि तिला हसू आलं नाही. "हसले नाहीत, भाऊजी. जरासे सरकून बसले. शेजारी आणखी कुणी बसलंय आणि त्याला जागा पुरत नाहीये, असे."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं. मग उठून भाजीला बसले. मी विचारलं तर म्हणे, कुठे बसलो होतो? सुरी कुणी इथे ठेवली? माझ्यावरच चिडले." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "त्यांना म्हटलं रक्त तपासा. तर म्हणतात, दादानं तपासलंय, शपथ घेऊन सांगितलंय काही नाही. तुम्ही सांगितलंत ना?"

"सांगितलं."

"मग बरं," ती म्हणाली. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि 'बरं' हा शब्द तिला मागे घ्यावासा वाटलेला त्याला दिसला. "भाऊजी, बरंच ना?"

ती गेल्यावर त्यानं कपाट उघडलं. भिंगाखाली पहिली काच घालताना त्याला स्वतःच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि तो मुद्दाम वाकडातिकडा घेत होता.

अडतीस.

कुणी नवीन कैदी आला नव्हता. बराकीत सदतीसच होते. त्यानं दुसरी काच पाहिली नाही. पेटीच्या टोकाची, धाकट्याची काच काढली. तीनदा बघितलेली, निरंक, शपथ घेतलेली काच.

मोजायची गरज नव्हती, तरी त्यानं मोजले.

मग तो बसला आणि चार ओळी लिहिल्या. अकरा वर्षं मी रक्त दुपारी तीनला घेतलं. वेळ खोटी लिहिली. अहवाल खोटे आहेत. गोळ्या ताबडतोब द्याव्यात. लिहायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

कागद घेऊन तो अधीक्षकांच्या खोलीत गेला तेव्हा साडेपाच झाले होते. अधीक्षकांनी कागद वाचला, घडी घातली आणि खणात ठेवला. "उद्या बघू. आता बंदची वेळ आहे."

"साहेब, तुम्ही म्हणालात त्याच दिवशी—"

"आठ दिवस तुम्हाला घाई नव्हती," अधीक्षक म्हणाले.

एवढं एकच वाक्य त्या माणसानं आयुष्यात खरं बोललं असावं.

७

धाकट्याला हाताला धरून आत्ताच बाहेर काढायचं, रिक्षात घालायचं आणि गावातल्या रुग्णालयात न्यायचं, असं ठरवून थोरला मधल्या चौकातून जवळजवळ पळत गेला. इतर बराकींची दारं लागत होती. शिपाई आकडे ओरडत होते, मधल्या टेबलाशी बसलेला हवालदार 'बरोबर' म्हणत होता. पाळी बदलून धाकटा या आठवड्यात संध्याकाळच्या बंदला तीन नंबरवर होता.

तीन नंबरचं दार उघडं होतं. दाराशी शिपाई नव्हता. उंबऱ्यावर मोजणीची वही पडली होती, तिच्यावर किल्ल्यांचा जुडगा.

आत जोड्या बसल्या होत्या. एकोणीस. सगळ्यांच्या माना खाली. मागच्या भिंतीला शेवटच्या जोडीत डावीकडे मास्तर होता आणि उजवीकडे, गवंड्याच्या जागी, खाकी गणवेशात, टोपी मांडीवर ठेवून, धाकटा बसला होता. डावा पाय त्याला दुमडता येत नव्हता. तो त्यानं पुढे लांब टाकला होता.

"तीन नंबर!" चौकातून हवालदार ओरडला. "झोपलात काय? किती?"

आत कुणी हललं नाही. थोरला जोड्यांच्या कडेनं मागे गेला. "धाकट्या," तो म्हणाला. "ऊठ. चल. घरी जायचंय."

"कालची सुट्टी सोडली तर आज चौथा दिवस, साहेब," मास्तर मान वर न करता कुजबुजला. त्याच्या आवाजात भीती होती, आणि तेवढा एकच आवाज त्या खोलीत माणसाचा होता. "रोज मी चिमटा काढून उठवतो त्यांना. मग तेच मोजतात, तेच कुलूप लावतात. आज उठत नाहीत. मी खूप प्रयत्न केला."

थोरल्यानं खांद्याला धरून हलवलं. अंग गरम होतं, जिवंत होतं, आणि जमिनीत चुना घालून बसवल्यासारखं घट्ट होतं. त्यानं काखेत हात घालून ओढलं. त्याचीच पाठ मोडायची वेळ आली. डोळे उघडे होते. ते थोरल्याला बघत होते आणि ओळखत नव्हते.

"अरे, मी आहे. दादा. माझी चूक आहे सगळी, मी लिहून दिलंय, गोळ्या येतायत. ऊठ बाबा. तुझी बायको वाट बघतेय."

"तीऽऽन नंबर!"

"मास्तर, काय करू?"

"जागा रिकामी राहत नाही, साहेब," मास्तर म्हणाला. "मी दुसरं काही सांगू शकत नाही. सांगवतही नाही."

थोरल्याला त्याचा अर्थ कळला की नाही, कोण जाणे. भावाच्या डोळ्याला डोळा भिडवावा म्हणून तो खाली बसला, एवढंच. मास्तर आणि धाकट्याच्या मध्ये वीतभर फट होती. तिथे गुडघे मुडपून, दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरून, तो म्हणाला, "बघ ना माझ्याकडे."

आणि धाकटा उठला. बाकावर कुणाला जागा करून द्यावी, तितक्या सहज. टोपी झटकून डोक्यावर घातली, दाराशी गेला, वही उचलली, आणि पुढच्या जोडीपासून मोजायला लागला. "दोन. चार. सहा." प्रत्येक जोडीच्या डोक्यावरून त्याचा हात फिरत होता. आवाज खणखणीत होता, कितीतरी महिन्यांनी.

थोरल्यानं उठायला जमिनीवर हात टेकला. उठता येत होतं. पायांत बळ होतं, त्याला कुणी धरून ठेवलं नव्हतं. पण तो उठला असता तर मागच्या भिंतीशी एक जागा रिकामी राहिली असती, आणि बराकीत उभा असलेला, कुठेही न मोजलेला माणूस एकच होता, धाकटा.

"बत्तीस. चौतीस. छत्तीस."

हात मास्तरच्या डोक्यावरून आला आणि थोरल्याच्या डोक्यावर टेकला. लहानपणी धाकट्याला चालायला शिकवलं तेव्हा तोल जाऊ नये म्हणून धाकटा असाच थोरल्याच्या डोक्यावर हात टेकायचा. आत्ता फक्त त्याचं खरं नाव घेतलं असतं तरी धाकटा थांबला असता. ते नाव या तुरुंगात थोरल्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

थोरल्यानं मान खाली घातली.

"अडतीस!" धाकटा ओरडला.

"बरोबर," चौकातून आवाज आला.

दार ओढलं गेलं. किल्ली फिरताना थोरल्यानं जाळीकडे पाहिलं. धाकटाही आत पाहत होता. इतरांकडे पाहिलं तेवढाच वेळ त्यानं त्याच्याकडे पाहिलं, कुलूप एकदा ओढून बघितलं, आणि घरी गेला.